झील धरणारीची वही

ये गं, जरा जवळ सरकून वाच. आधी चष्मा लाव, डोळे बारीक करून वाचायची तुझी खोड जुनीच आहे. आणि काय गं, धुळ्याहून जळगाव म्हणजे काय समुद्रापार? फोन केला की "कामात आहे मावशी." त्या गाण्याचं नाव काढलं की बरी कामं निघतात तुला! म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढावं.

कानबाईच्या बोळवणीचं गाणं तुझ्या आईचं. देवीचा पाट डोक्यावर घेतला की अक्का उंबऱ्यातच गाणं उचलायची, आणि मी मागं झील धरायची. तिची ओळ वर चढायची, वळायची, उतरायची. मी आपली एकाच सुरावर, खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी. जरा वर सरकले की म्हणायची, "तू नुसता सूर धरी ठेव. मना मांगे वर चढू नको." चाळीस वर्षं तेच केलं. त्यामुळं गाणं इतक्यांदा ऐकूनही माझ्या गळ्यात काही उतरलं नाही. गळ्यात माझा तो एकच सूर.

मोबाइल पुढं धरला की ती तोंडावर पदर घ्यायची. "देवीनी बोळवणनं गानं शे हाई, डब्बामा कोंडानं नही." मग मी वही काढली. ती नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळता मळता म्हणायची, मी शब्द लिहायची आणि शब्दांच्या डोक्यावर खुणा करायची. आवाज वर गेला की वर तिरकी रेघ, खाली आला की खाली. अक्का वहीत डोकावून हसली. "गानं शे का मुंग्यास्नी वरात? लिखी लिखी काय करशी? मी शे ना!"

माघात ती गेली.

श्रावणात अक्काच्या घरी पाट उचलला तेव्हा सगळ्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं. वही होती ना माझ्याकडं! उघडली. देवी वळून घराकडं पाहते, ती ओळ आली. खुणा होत्या तशाच: वर, वर, मग खाली. पण वर म्हणजे किती वर गं? तोंड उघडलं तर माझाच तो झिलीचा सूर निघाला. पाट पुढं गेला. देवी त्या वर्षी नुसत्या शब्दांवर गेली.

इथं जळगावात, पिंप्राळ्याच्या घरी परत आले आणि मोबाइलवर काय काय वाचत बसले. माझं शिक्षण सातवी, पण वाचायला कोण अडवतं? त्यात सापडलं, हजारेक वर्षांपूर्वी युरोपातल्या मठांमधले साधू अगदी माझ्यासारखंच करायचे. स्तोत्राच्या शब्दांवर चिमुकल्या रेघा, ठिपके. त्यांना न्यूम म्हणतात. ज्याला चाल आधीच पाठ, त्यालाच त्यांचा उपयोग. नवख्यानं कितीही पाहिलं तरी गाणं निघायचं नाही. मग पुढं कुणीतरी शब्दांवरून एक आडवी रेघ ओढली, लाल शाईची. रेघेवर हा सूर, वरची खूण त्याहून उंच, खालची खाली. एकीच्या चार रेघा झाल्या, आणि कधी न ऐकलेलं गाणंही गाता यायला लागलं.

एक रेघ गं! माझ्या वहीला छापील रेघा होत्या की. त्या सगळ्या मी अक्षरांना दिल्या, आणि अक्काचा आवाज वरच्या मोकळ्या जागेत तरंगत सोडला.

त्यांच्यातही एक जण लांब सूर धरून उभा राहायचा आणि दुसरा त्याच्यावर गायचा. त्या धरणाऱ्याला टेनर म्हणायचे, म्हणजे धरून ठेवणाराच. वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. वाटलं, हा तर मीच. पण वर गाणारं माणूसच नसेल तर धरून काय करायचं?

आता खरं ते सांगते. त्याच दिवशी बोळवणीनंतर तू मोरीत भांडी घासत होतीस. मी चहाचे कप घेऊन आले, तर तू गुणगुणत होतीस. तीच वळायची ओळ. वर, वर आणि मग खाली, अगदी अक्काची. मला पाहिलंस आणि नळ मोठा सोडलास. "गाणं येतं तुला?" म्हटलं, तर म्हणालीस, "मला काही येत नाही मावशी."

येतं गं तुला. अक्काच्या कडेवर बसून ऐकलंयस. गायला लागलीस की ती नाही हे खरं होईल, असंच ना? तिच्याशिवाय झील धरताना मलाही तसंच वाटतं.

वहीत लाल पेनानं रेघा ओढून ठेवल्यात. तू हळू म्हण, मी खुणा जागेवर बसवते. रडू आलं तर थांबू, मी सूर सोडायची नाही. श्रावण लांब आहे म्हणू नकोस, माझा दम आता पुरत नाही. या रविवारी सकाळच्या बसनं ये.