तात्यांची फवारणी आणि माझी गोळी

मला पूर्वी सगळे गरीब गाय म्हणायचे. त्या शब्दाची मला अजून चीड येते. गाय गरीब नव्हती, गुंगीत होती.

लहानपणी कन्हेरीच्या शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत मला पहिली फिट आली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल. चप्पल हुंगून फिट थांबली असं काही मला दिसलं नाही, पण लावणाऱ्याला फार समाधान मिळतं. मग फेनिटॉइनची गोळी सुरू झाली. फिटा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. हिरड्या सुजून दातांवर आल्या, ओठावर लव वाढली आणि दिवसभर डोक्यात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं. लग्न होऊन पळसदेवकडच्या डाळिंबवाल्या घरात आले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएट दिली. अंग सुटलं, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले, हातातली कपबशी वाजायची. मूल हवं असेल तर ही गोळी नको, पोटातल्या बाळाला धोका असतो, असं बारामतीच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि लेव्हेटिरासिटाम लिहून दिली. चिडचिड होईल, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

झाली की चिडचिड. पण फिटा साफ थांबल्या. लेक झाली. सासूबाई आधी तिला माझ्या एकटीच्या हातात देत नव्हत्या, मग हळूहळू द्यायला लागल्या. पाटावर बसून, पाय पसरून, लेकीला पायांवर पालथं घेऊन मी स्वतः अंघोळ घालायला लागले. तिच्या पाठीवरून पाणी ओघळताना मला वाटायचं, या गोळीचे पाय धुऊन पाणी प्यावं.

घरातल्यांना मात्र माझं तोंड खुपायला लागलं. जेवताना मी उलटून बोलले की तात्या, म्हणजे माझे सासरे, ताटावरूनच म्हणायचे, "गोळी चढली हिला."

तात्यांचा फवारणीचा अभ्यास दांडगा. गावातली माणसं त्यांना विचारायला यायची. त्यांचं एकच सांगणं असायचं, "एकच औषध सारकं मारलं की कीड सरावती. आलटून पालटून मारायचं." डाळिंबाच्या बाबतीत ते खरंही असेल. पण माझ्या गोळ्याही त्यांच्याच कपाटात असायच्या. फिट येणारीच्या ताब्यात औषध कसं द्यायचं, असा घरचा कायदा. सासूबाई रोज एक एक गोळी हातावर ठेवायच्या. एकदा लांबट गोळीच्या जागी गोल आली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तीच हाय. दुसऱ्या कंपनीची." तात्यांनी त्यांना तसंच सांगितलं होतं.

काही दिवसांनी सकाळी मी पाटावर बसले, लेकीला पायांवर घेतलं. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा कढत पाण्याची बादली आडवी होती, लेकीची पोटरी भाजली होती आणि सासूबाई तिला घेऊन ओरडत होत्या, "हिच्या हातात पोर देऊच नगा!"

लेकीच्या पायाला मलमपट्टी झाली आणि आम्ही बारामती गाठली. रस्त्यात माळेगावला उसाच्या गाड्यांनी अडवलं. तेवढ्यातही तात्या मागच्या सीटवरून मलाच शहाणपण शिकवत होते.

"गोळी चुकली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चुकली न्हाय, बदलली," तात्या छाती काढून म्हणाले. "येक पाळी कपाटातली जुनी दिली. सरावायला नको म्हून. आन् जुनीवर पोरगी गरीब हुती."

बाई म्हणाल्या, "आजोबा, ही कीड नाही. चालू गोळी एकाएकी तोडली म्हणूनच फिट आली." मग मला म्हणाल्या, "राग फार येत असेल तर आणखी एक औषध आहे. ते सावकाश बदलता येईल."

"बदला!" तात्या म्हणाले. माझा नवरा भिंतीवरचा मेंदूचा तक्ता बघत उभा होता, जणू त्यात त्याचं उत्तर छापलं होतं.

"बदलायची नाही," मी म्हणाले. "आणि तात्या, तुमची बीपीची गोळी कधी आलटून पालटून घेतलीत का?" त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

घरी आल्या आल्या कपाट उघडून माझ्या गोळ्या काढल्या आणि स्वतःजवळ ठेवल्या. पुढे पूर्वीच्याच डोसवर फिटा पुन्हा थांबल्या, तेव्हा बाईंनी कुणालातरी शेजारी ठेवून अंघोळ घालायला हरकत नाही म्हणून सांगितलं. तरी सासूबाई लेकीला छातीशी धरून दारात उभ्या. पोटरीवरचा डाग अजून लाल होता. तो बघूनही मी पाट मांडला.

"आत्या," मी सासूबाईंना म्हणाले, "लेक द्या. तुम्ही हवं तर शेजारी बसा."

"न्हाय द्यायची. ही तू न्हाय, तुजी गोळी बोलतीया."

"व्हय, गोळीच बोलतीय," मी पाय पसरून बसत म्हणाले. "तिला लेक द्या."