शंखपुष्पीची पुडी

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी अन् माझी कारभारीण संगमनेरच्या बाजाराला गेलो, ते शेवटचंच. पोरगी वारल्यापासून तिला झोप नव्हती. म्हणून ती दर बाजारी एका जडीबुटीवाल्याकडून शंखपुष्पीची पुडी घ्यायची.

दात पुढं आलेला किडमिडीत गडी तो. पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता मान तिरपी करून विचारायचा, "झोप लागली का, मावशी?" मग ही भडाभडा बोलायची, हसायचीसुद्धा. घरी माझ्याशी मीठ-मिरचीपलीकडं शब्द नाही. माझ्या अंगाचा नुसता जाळ व्हायचा. त्या दिवशीही मी खेकसलो, "आटप, एस्टी निघंल."

त्याच आठवड्यात ती तापानं गेली. पुढच्या बाजारी मी त्याच्याशी भांडायलाच गेलो. "गेली ती. तुझ्या पाल्यानं काय झालं रं?"

त्यानं हातातला दोरा खाली ठेवला. "बाबा, ही निळ्या फुलांची शंखपुष्पी तुमच्या बांधावर लई उगवती, मावशीच सांगायच्या. तरी पुडी न्यायच्या. त्या बोलाया यायच्या."

आजवर मी ती गवतासंगं कापत आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घरीच ठेवून बांधावर गेलो. निळ्या फुलांपाशी बसलो अन् विचारलं, "झोप लागली का गं?"