मावशीचे रविवार

नलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ऑफिसात एका जळालेल्या स्वयंपाकघराची फाइल वाचत होते. आग लागली की लावली, हे शोधायचं, असा माझा विमा कंपनीतला उद्योग. त्यामुळे मावसभाऊ निखिल त्याच्या लंडनी मराठीत म्हणाला, "ताई, आई गेला... झोपेतच," तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की?" त्याला आता काही महिने झाले. मावशी असती तर पोट धरून हसली असती. मेल्यावरसुद्धा पुरावा मागते म्हणाली असती.

पण संशयाला खतपाणी तिनेच घातलं होतं. काकांच्या कागद गिरणीतल्या नोकरीमुळे लग्नानंतर दोघं स्वीडनमधल्या एका छोट्या गावात राहिली, मग लंडनमध्ये एजवेअरला आली. त्या गावात आपण बायकांच्या फुटबॉल क्लबात खेळायचो, असं मावशी सांगायची. क्लब गिरणीतल्या बायकांनीच काढला. पुरुषांचा क्लब आधी हसला, मग मागचं चिखलाचं मैदान दिलं. पुरुषांचे जुने शर्ट कापून यांनी आपले गणवेश शिवले. हरता हरता जिंकायला लागल्या, तेव्हा शेजारच्या मोठ्या गावातल्या क्लबाने त्यांना आपल्यात ओढलं आणि यांचं नावच पुसलं गेलं... गोष्ट झकास होती, पण दर वेळी बदलायची. कधी मावशी गोलकीपर असायची, कधी बचावफळीत, कधी चक्क गोल मारायची. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. मीही जेवता जेवता उलटतपासणी घ्यायचे. "मागच्या वेळी तर गोलकीपर होतीस!" ती ताटात आणखी एक पोळी टाकायची. "तू जेव."

काका मात्र या विषयावर अवाक्षर काढत नसत. मला वाटायचं, त्यांना फुटबॉलचा कंटाळा आहे.

तेरावं झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. पार्कात मावशीच्या नावाचं बाक ठेवायचं ठरलं होतं.

"कौन्सिलला बाकावरच्या पाटीचं वर्डिंग द्यायचंय. निखिल म्हणतो, फुटबॉलर लिहू या. तू जरा चेक करशील? खरं असेल तरच लिहायचं."

"काका, कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "रविवारी माझी शिफ्ट असायची. घरी यायचो तर हिचे केस ओले, गाल लाल. म्हणायची, मॅच होती. मी कधी बघायला गेलो नाही. गेलो असतो आणि ती मैदानावर नसती तर?"

सगळा संसार या माणसाने हा प्रश्न पोटात ठेवून केला होता. मला त्यांची दया आली आणि मावशीचा राग आला.

मावशी सांगायची त्या नावाचा क्लब इंटरनेटवर सापडेना, तसा माझा संशय आणखी बळावला. शेवटी ज्या मोठ्या क्लबाने त्यांना गिळलं, त्यालाच ईमेल केला. त्यांनी गिरणीच्या क्लबात खेळलेल्या इंग्रिड नावाच्या एका आजीबाईंशी व्हिडिओ कॉल जुळवून दिला. मी आधी काहीच सांगितलं नाही, सरळ विचारलं, नलिनी कुठल्या जागेवर खेळायची?

आजीबाई हसत सुटल्या. "सगळ्याच!"

बहुतेकजणी लेकुरवाळ्या होत्या. पोरं गोलच्या मागे बाबागाड्यांत. जे पोर भुकेने रडेल त्याची आई मैदान सोडून पाजायला बसायची आणि तिची जागा नलिनी घ्यायची, कारण तिला तेव्हा मूल नव्हतं. अशा अदलाबदलीला तिथे कुणाची हरकत नसे. गोलकीपरचं पोर रडलं की ती गोलकीपर, आघाडीवालीचं रडलं की आघाडीवर. "ती नसती तर आमचा क्लब पहिल्या थंडीतच बंद पडला असता," इंग्रिडबाई म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले. मावशी अक्षरन् अक्षर खरं बोलत होती! पण जित्याची खोड... निरोप घेता घेता मी विचारलंच, रविवारी मॅच किती वाजता असायची?

"रविवारी? छे! रविवारी मैदान पुरुषांचं. आम्हाला पाय ठेवू देत नसत. आम्ही बुधवारी खेळायचो."

एजवेअरला जाऊन काकांना सगळं सांगितलं, रडणाऱ्या पोरांसकट. ते हसले, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि रविवार?"

खोटं बोलायचं मी ट्रेनमध्येच ठरवलं होतं. तोंडातून फुटेना. "बुधवारी खेळायच्या, काका."

"बुधवारी..." ते म्हणाले. मी तिच्या बाजूने काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं. "फुटबॉलपटू लिही. तेवढं खरं आहे ना? रविवारचं राहू दे माझ्याकडे."

हे सगळं लिहून छापू का, असंही मी त्यांना विचारलं. "छाप," म्हणाले. "आता मी काय भांडायला जाणार आहे तिच्याशी?"

बाक आता बसवलंय. समोरच्या गवतावर शाळेतल्या मुली फुटबॉल खेळतात आणि काका दुपारी जाऊन बघत बसतात. गेल्या रविवारी मी मुद्दाम गेले, म्हटलं, चला, आज दोघं जाऊ या. त्यांनी मान हलवली.

"आज नको. रविवारी ती तिथे नसते."