साळ्याच्या घरचा चहा

जावयाला आग्रहानं चहाला बोलावून त्याच्यासमोर तोंडाला कुलूप लावून बसणारा साळा साऱ्या त्रिभुवनात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. मुर्री ही माझी सासरवाडी. फुलचूरहून मी मोठ्या रुबाबात जातो, खुर्चीवर बसतो, आणि पोह्यांची बशी येण्याआधी माझ्या हातात एक वायर येते. वायरच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला हातात मावेल असं कसलं तरी बंद पडलेलं यंत्र. कधी जुना व्हिडिओ गेम, कधी वॉकीटॉकी. "करा जी भाऊजी," एवढंच तो म्हणतो आणि मी घामाघूम होईस्तोवर पुढं एक अक्षर बोलत नाही.

अशा यंत्रांच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो काढून नवा घालण्याचं सॉफ्टवेअर हा लिहितो. तिरोड्याची बरी नोकरी सोडून लिहितो आणि साऱ्या जगाला उघडं करून देतो. कुणीही घ्यावं, आतून पाहावं, हवं तर बदलावं. त्याचा सिद्धांत असा, की वापरणारा कधीच चुकत नाही. माणूस अडखळला तर बटण चुकलं. म्हणून पाहुण्यानं चुकावं आणि यानं गप्प बसून पाहावं. एकदा मी 'पुढे' समजून 'रद्द' दाबत बसलो, तर पठ्ठ्याला मुलगा झाल्यासारखा आनंद झाला. "भाऊजी, तुमच्यासारखा माणूस गोंदियात शोधून सापडणार नाही," म्हणाला आणि सकाळपर्यंत बटणाची जागा बदलून मोकळा झाला. शेजारच्या काकू तर आता त्याच्या घरच्या हळदीकुंकवालाही जात नाहीत. मागच्या खेपेला त्यांच्या हाती वाणाच्या आधी वायर आली होती.

या सगळ्यावर माझ्या सासऱ्यांचं मत एकच होतं: "फुकट वाटते त्याले काम म्हणतेत का बे?" बापलेकांचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. साळा हसण्यावारी न्यायचा, पण एकदा मला म्हणाला, "कुठले कुठले लोक वापरून राहिले, भाऊजी. बाबानं एकडाव पाहिलं असतं तर बरं झालं असतं." मला त्याचं फार वाईट वाटलं.

सासऱ्यांचा जीव होता तो धानाचा ओलावा मोजायच्या मीटरवर. व्यापाऱ्यानं "धान ओलं हाये" म्हणायला तोंड उघडलं, की सासरे खिशातून तलवार उपसल्यासारखं मीटर काढत. ते ऐन मळणीत बंद पडलं. कंपनीनं हात वर केले. धान अंगणात पडून, आणि मीटरशिवाय विकायला सासरे तयार नाहीत. परदेशात कुणीतरी त्या मीटरसाठी नवा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता, आणि तो साळ्याच्या सॉफ्टवेअरनं घालता येण्यासारखा होता. फक्त मध्येच वायर निघाली, तर मीटर कायमचं गेलं. "तू हात लावू नको. मीच करतो," म्हणून सासरे चष्मा लावून बसले. साळा समोर बसला, नेहमीसारखा गप्प.

सासरे एकेक ओळ शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचत आणि मग बटण दाबत. पडद्यावरची पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि तिथंच थांबली. सासऱ्यांचा हात वायरकडे गेला. साळ्यानं आधी ओठ चावले, मग गुडघे आवळले, आणि शेवटी तो ओरडलाच, "बाबा, नोका काढू!"

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वायर काढू नका, लिहून हाये ना इथं. वाचून राहिलो मी. वायरीवर मुंगळा चढून राहिला, त्याले हाकलून राहिलो. तू कायले बोंबलून राहिला?"

मीटर सुरू झालं. सासऱ्यांनी धान घालून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. "बराबर लिहिलं बे तू," म्हणाले आणि अंगणात निघून गेले. साळा तोंड फिरवून, आधीच गुंडाळलेली वायर पुन्हा गुंडाळत बसला. पुढच्या आठवड्यात सासरे गावातली बंद मीटरं पिशवीत भरून घरी आणू लागले.

अजूनही आणतात, आणि स्वतःच पडद्यासमोर बसतात. नजर मात्र उतरत चालली आहे. साळा दर दोन-चार महिन्यांनी अक्षरं मोठी करत जातो. परदेशातले लोक लिहितात, एवढी मोठी अक्षरं कशाला, पडद्यावर काही मावत नाही. एका तक्रारीवर बटण हलवणारा माणूस, पण इथं ढिम्म हलत नाही. मी म्हटलं, "अरे, एकट्या बाबांपुरती वेगळी मोठी ठेव ना."

"नाही जी, भाऊजी," तो हळूच म्हणाला. "वेगळी केली तर बाबाले समजन, आपली नजर गेली. आता त्यायले वाटते, दुनियेत साऱ्याईले एवढीच दिसते."

परवा गेलो तेव्हा पडद्यावर एका वेळी दोनच शब्द मावत होते. सासरे ते खणखणीत वाचत होते. याहून मोठी अक्षरं हा पोरगा आणखी किती दिवस करू शकेल, या विचारानं मला एकदम भरून आलं.