सुकदेवभाऊंची राहिलेली फेरी

फोन आला तेव्हा मी दोंडाईच्याच्या स्टँडवर होतो. धुळ्याची गाडी फलाटाला लागलेली, माणसं चढत होती आणि एक आजी पिशवीतल्या कोंबडीवरून माझ्याशी हुज्जत घालत होत्या. पलीकडून प्रज्ञा, सुकदेवभाऊंची मुलगी, एवढंच म्हणाली, "सुरेशकाका, बाबा गेले." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याचं कळल्यावर कोणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. मग घंटी दिली, गाडी सुटली आणि धुळ्यापर्यंत मी सगळ्यांना तिकिटं फाडून दिली. एका माणसाला दोनदा दिलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, एक तिकीट परत केलं आणि काही न विचारता खिडकीकडे सरकून मला बसायला जागा केली.

ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी म्हणजे ठरवून केलेलं लग्न, फक्त ठरवणारा डेपो. माझं आणि सुकदेवभाऊंचं हे लग्न जळगावात लागलं आणि अकरा वर्षं टिकलं. पुढे माझी बदली धुळ्याला झाली, तरी काडीमोड काही झाला नाही. भाऊ उंच, सावळे, अंगात कडक इस्त्रीची खाकी, आणि वेळेचे असे पक्के की जामनेरच्या रस्त्यावरची पोरं त्यांची गाडी दिसली की शाळेला पळत सुटायची. वेळेनंतर पोचणं त्यांना आवडत नसेच, पण वेळेआधी पोचलेला ड्रायव्हर त्यांना त्याहून नावडता. "लवकर नेली म्हनजे शहाना झाला का? जो पॅसेंजर वेळेवर उना, त्याची गाडी चुकाडी ना तू!" असं ते नव्या पोरांना सुनवायचे. मला तर ते रोजच काही ना काही सुनवायचे. मी झोपाळू, ढेरपोट्या आणि जरा तोंडाळ. त्यांच्या मते कंडक्टरला लागणारे सगळे गुण माझ्यात होते.

निवृत्तीला चौदा महिने उरले असताना डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. दिवसा सगळं ठीक दिसायचं, पण उजेड कमी झाला की कडेचं काही दिसेना. त्यांना गाडीवरून उतरवलं आणि डेपोच्या गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. नियम बरोबरच होता. पन्नास माणसं पाठीशी घेऊन चालणाऱ्याचे डोळे चांगलेच हवेत, हे भाऊ स्वतःच सांगायचे. पण आमच्यात एक रीत आहे. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याची शेवटची फेरी असते. गाडीला झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, पहिल्या सीटवर बायको. ती फेरी भाऊंना मिळाली नाही. त्यांचा निरोप झाला तो ऑफिसात, शाल आणि नारळ देऊन. अक्का, म्हणजे त्यांची बायको, ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. नंतर कधीतरी चहा पिताना भाऊ सहज म्हणाले, "एक फेरी ऱ्हाई गई यार सुरेश."

प्रज्ञा पुण्यात नर्स आहे. तिनं हौसेनं गियरची जाड टायरांची डोंगरी सायकल घेतली होती, ती सहा महिने गॅलरीत पडून होती. घर बदललं, नव्या घरात जागा नाही म्हणून तिनं ती जळगावला पाठवली. भाऊंनी आधी ती पुसली, मग चालवली, मग ते रोज चालवू लागले. आणि एके दिवशी मला फोन. सातपुड्याच्या पायथ्याला सायकलची शर्यत आहे, एकशे दहा किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता, चढउतार, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. मी म्हटलं, "भाऊ, साठी झाली. नातवंडांची शर्यत लावायची सोडून हे काय?" ते म्हणाले, "बारा तासनी ड्युटी शे. सुरुवातपासून शेवटलोंग गाडी मीच नेनार. तू येस का नही, तेवढं सांग." मग मला कळलं की ही शर्यत कसली आहे. मी हो म्हणालो.

तयारीचे ते चार महिने आठवले की अजून हसू येतं. दर साप्ताहिक सुटीला मी धुळ्याहून जळगावला जायचो आणि त्यांच्याच मोटरसायकलवरून त्यांच्या मागं मागं फिरायचो. सायकलवाल्या पोरांच्या ग्रुपवर हृदयाचे ठोके मोजा, अमुक पावडर प्या, असं काय काय यायचं. भाऊंनी त्यातलं काही घेतलं नाही. त्यांनी वेळापत्रक केलं. अगदी एसटीचं असावं तसं, रेघा मारून. जळगाव सहा, नेरी सात वीस, जामनेर आठ पंधरा, दहा मिनिटं थांबा. तो कागद माझ्या खिशात. एकदा वारा पाठीशी होता, भाऊ नेरीला सात पाचलाच पोचले. मला वाटलं, खूश होतील. तर हा माणूस लिंबाखाली सायकल लावून पंधरा मिनिटं बसून राहिला! "निघा ना भाऊ," मी म्हटलं. "वेळ झाली का?" "नाही." "मंग?" मीही बसलो. त्या पोरांनी दिलेली शक्तीची गोड चिकट पुडी त्यांनी तिथंच चाखून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि पिशवीतून केळं काढलं. जळगाव जिल्ह्यात राहून पुडीतलं खाणाऱ्याला त्यांच्या लेखी माफी नव्हती.

खरी गंमत झाली उतारावर. आमच्या ड्रायव्हर लोकांचा नियम असा की ज्या गियरमध्ये घाट चढायचा, त्याच गियरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. अजिंठ्याकडच्या घाटातून गाड्या नेलेला माणूस, त्याच्या हाडात बसलेलं हे. पहिल्याच मोठ्या उतारावर भाऊंनी सायकल सगळ्यात हलक्या गियरमध्ये टाकली. झालं! सायकल निघाली सुसाट आणि भाऊंचे पाय पायडलवर शिवणयंत्रासारखे टकटक टकटक, त्यांचा वेग चाकाला काही लागेना. मी मागून ओरडतोय, "ब्रेक दाबा! सायकलीले इंजिन नही शे भाऊ!" तेव्हा कुठं ब्रेक लागले आणि ते शेजारच्या कापसात शिरले. उठले, खाकी रंगाची जुनी पँट झटकली आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "इंजिन मीच शे ना पन." मी हसून हसून मोटरसायकल स्टँडला लावू शकलो नाही. कोपर मात्र चांगलंच सोललं होतं, आणि घरी अक्कांनी दोघांनाही हळदीबरोबर चार शब्द लावले.

शर्यत जानेवारीत होती. थंडी चांगली होती. पोरं चकचकीत कपड्यांत, भाऊ अंगात स्वेटर घातलेले. वाटेवर गाड्यांना बंदी, म्हणून मी दुसऱ्या रस्त्यानं जाऊन प्रत्येक थांब्यावर उभा राहायचो. पहिले दोन थांबे वेळेवर, मिनिटाचा फरक नाही. तिसऱ्याला वीस मिनिटं उशीर, चौथ्याला पस्तीस. मला कळेना, चढ एवढा नव्हता, मग झालं काय? मागून आलेल्या एका सायकलवाल्यानं हसत हसत सांगितलं, "ते काका प्रत्येक गावात थांबतात हो!" पाड्यांवरची माणसं, बाया रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात हलवत होत्या, शाबासकी द्यायला. आणि रस्त्यात कोणी हात वर केला की सुकदेवभाऊंचा पाय तीस वर्षं ब्रेकवर जात आला होता. ते थांबायचे, "कुठं जायचंय?" असं तोंडात यायचं, मग लक्षात यायचं. पण थांबलोच आहोत तर चार शब्द बोलून निघायचे. मी चिडलो. "भाऊ, कोनी हात करू द्या, थांबू नका!" त्यांनी मान हलवली. पुढच्या गावात पुन्हा थांबले.

शेवटच्या थांब्यावर आले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. अजून नऊ किलोमीटर. सहाच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. मागे राहिलेल्यांच्या सायकली टेम्पोत चढवत होते. उजेड उतरायला लागला होता, आणि भाऊ पाण्याची बाटली घ्यायला हात पुढे करताहेत तो बाटलीच्या बाजूनंच जातोय, हे मला दिसलं. मी म्हणालो, "भाऊ, बसा आते टेम्पोमा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी नादुरुस्त शे का?" "नही." "डायवर नादुरुस्त शे का?" मी उत्तर दिलं नाही. त्या न बोलण्यातून जे कळायचं ते त्यांना कळलं. चेहरा असा उतरला, की गेटवर नंबर लिहायला बसवलं त्या दिवशीचा चेहरा मला आठवला. मग त्यांनी सायकलवरचा शर्यतीचा नंबर सोडवला, तिथल्या पोराच्या हातात दिला. "हा घ्या. आता मी तुमच्या शर्यतीत नाही. रस्ता मात्र सगळ्यांचा आहे." आणि निघाले.

मी काय करणार? मोटरसायकल काढली, त्यांच्या पुढे घातली आणि पहिल्या गियरमध्ये चालवत, मान मागं वळवून ओरडायला लागलो. स्टँडवर गाडी मागं घेताना कंडक्टर खाली उतरून जसा ओरडतो तसा. "येऊ द्या… येऊ द्या… उजवीकडे दाबा… दगड आहे… येऊ द्या…" भाऊ माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून येत राहिले. नाला आला, चढ आला. एकदा पडले, उठले. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. आम्ही पोचलो तेव्हा शर्यतीची कमान उतरवून झाली होती, खुर्च्या एकावर एक चढवत होते. एक खुर्ची तेवढी राहिली होती, कारण तिच्यावर अक्का बसल्या होत्या. हातात झेंडूचा हार. त्या उठल्या आणि त्यांनी हार आधी सायकलच्या हँडलला घातला. भाऊंना नाही. "केवढा उशीर!" एवढंच म्हणाल्या. भाऊ मला म्हणाले, "चाळीस मिनिट लेट. लिही घे." मी वेळापत्रकाच्या कागदावर लिहून घेतलं, आणि मग दोघांच्या पाठीमागं जाऊन मनसोक्त रडलो.

पावसाळ्याच्या शेवटी त्यांना न्यूमोनिया झाला आणि पाचव्या दिवशी ते गेले. या वयात सायकल कशाला, असं नाक्यावर चार जण बोललेच. डॉक्टर म्हणाले, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. मला ते पटलं. पण माझ्या मनात दुसरंच होतं… तो टेम्पो. सगळ्या जगानं म्हटलं असतं तर चाललं असतं. मी, अकरा वर्षांचा त्यांचा कंडक्टर, त्यांना उतरा म्हणालो होतो. मधले आठ महिने तसेच गेले आणि मी कधी माफी मागितली नाही, कारण आमच्यात तशी रीत नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जळगावला गेलो. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. अक्का मागच्या अंगणात भांडी आवरत होत्या. तिथं मी त्यांना सगळं सांगून टाकलं. अक्कांनी पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्यासनी सांगेल व्हतं मले. त्याच दिनले."

"काय म्हणाले?"

"म्हने, डेपोनी मले उतारं ते लोकेसकरता. सुरेश उतरा म्हने, ते मना जीवकरता. दोन दिन तेच सांगेत." मग म्हणाल्या, "बरं वाटेल व्हतं त्यासले."

मला तिथं उभं राहवेना. मी नळावर जाऊन तोंड धुतलं, उगाच दोनदा धुतलं. परत आलो तर अक्का पडवीत सायकलपाशी होत्या. भाऊ रोज सकाळी ड्युटीवर निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारून प्रत्येक टायर दाबून बघायचे. तशाच त्या वाकल्या होत्या, पदर कमरेला खोचून. पुढचं टायर अंगठ्यानं दाबलं, मग मागचं. कोणी चालवत नसलेल्या सायकलची टायरं अजून बसली कशी नव्हती, ते मला तेव्हा कळलं. "मांगलामा कमी शे," त्या म्हणाल्या. मी कोपऱ्यातला पंप आणला आणि भरायला लागलो. अक्कांनी टायरवरचा अंगठा काढला नाही, आणि त्या "बस" म्हणेपर्यंत मी हवा भरत राहिलो.