अविनाशचा कुकर

अविनाशच्या बायकोचा, शर्मिलाचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या रीडिंगला ऑफिसात होतो. "सुटला रे अविनाश," एवढंच ती म्हणाली. खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं. शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये त्याचे जे हाल चालले होते ते पाहिलेल्या कुणालाही तसंच वाटलं असतं. रडू आलं ते नंतर, घरी जाताना...

माझा हा मित्र मिल्टन कीन्सला भूलतज्ज्ञ होता. लोकांना झोपवून पगार घेणारा हा माणूस स्वतः कधी स्वस्थ बसला नाही. आजार कळण्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्याच्या हट्टापायी आम्ही दोघंच स्कॉटलंडच्या हायलँड्सला गेलो. कॅम्पसाइट नको, तंबू पाठीवर घेऊन थेट डोंगरात राहायचं. पायथ्याशी मी त्याची सॅक सहज उचलायला गेलो तर हलेना. आत डाळ-तांदूळ, तुपाची बाटली आणि चक्क प्रेशर कुकर.

"अरे, वेट कमी करायला लोक इथे टूथब्रशची दांडी कापतात."

"कापू देत. मी पाउचमधलं काही खाणार नाही. मऊ खिचडी, वर तूप. तुला नको तर तू नूडल्स खा."

दिवसभर मी त्या कुकरवरून त्याला पिडलं. चढ छातीवर येणारा, मध्ये गुडघाभर चिखल, घामाला चिकटणारे बारीक चावरे किडे. खिंडीत पोचलो तेव्हा चेष्टा करायलाही दम उरला नव्हता. तंबू ठोकला, उरलेल्या पाण्यात त्यानं खिचडी चढवली आणि मी बाटल्या घेऊन खालच्या ओढ्यावर गेलो. फोन तंबूतच राहिला. बाटल्या भरून वळलो तर धुकं उतरलेलं. तंबू नाही, वाट नाही, स्वतःचे बूटसुद्धा धड दिसेनात. हाका मारल्या, त्या वाऱ्यानं गिळल्या. एका बाजूला कडा होता, येताना पाहिलेला, पण आता कुठल्या बाजूला ते कळेना. मी होतो तिथेच खाली बसलो...

तेवढ्यात शिट्टी झाली. कुकरची. त्या परक्या डोंगरात आपल्या स्वयंपाकघरातली शिट्टी ऐकून मला हसूच फुटलं. उठलो. शिट्टी झाली की तिच्या रोखानं चार पावलं टाकायची, थांबायचं, पुढची ऐकायची. असं करत तंबूशी पोचलो तेव्हा करपल्याचा वास सुटला होता.

"तीन झाल्यावर बंद करणार होतो," अविनाश म्हणाला. ओरडून त्याचा घसा बसला होता. "मग म्हटलं, यू आर स्टिल आउट देअर. होऊ देत."

खरवडीसकट आम्ही ती खिचडी संपवली. इतकं चवदार मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही.

हॉस्पिसमध्ये शेवटी तो डोळे मिटूनच असायचा. मधूनच विचारायचा, "आहेस ना?" मी म्हणायचो, "आहे." थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग त्याचं विचारणं थांबलं. तरी मी थोड्या थोड्या वेळानं "आहे रे" म्हणत राहिलो.

तो कुकर शर्मिलानं मला दिलाय. बुडाचा काळा डाग कितीही घासला तरी जात नाही. रविवारी खिचडी मी लावतो. तीन शिट्ट्या झाल्या की बायको आतून म्हणते, "अहो, गॅस बंद करा." मी गॅसपाशीच उभा असतो. आणखी एक होऊ देतो.