घरच्या कोंबडीची टोपली

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी स्टॅटिस्टिक्स घेतलं, तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ते काय असतं हे कळलं नाही. आई विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "गनितच शे, पन मोठं." त्यावर बायका मान डोलवायच्या आणि माझ्याकडे जरा दयेने बघायच्या.

आमचं गाव तापीकाठचं. वडील साखर कारखान्यात आणि मी रोज एस्टीने शहाद्याला कॉलेजला. त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती, पुण्याला एमएस्सी. वडिलांना विचारलं तर ते पाळीवर निघता निघता म्हणाले, "तुन्ही आईले इचार." आई भाकरी थापत होती. तिने वर न बघता सांगितलं, "आधी तुन्हं प्रोजेक्ट व्हऊ दे. मंग पाहू." आमच्या घरात 'मंग पाहू' म्हणजे नाहीच्या अलीकडचं स्टेशन. पण निदान स्टेशन तरी होतं, म्हणून मी प्रोजेक्टच्या मागे हात धुऊन लागले.

सरांनी सांगितलं होतं की पुस्तकातलं एखादं डिस्ट्रिब्युशन, म्हणजे आकडे कसे विखुरतात याचा नमुना, घ्या आणि आपल्या आजूबाजूला ते खरंच दिसतं का ते तपासा. मुलांनी क्रिकेटच्या धावा घेतल्या. मी अंडी घेतली. दोनच निकाल असलेल्या बायनॉमिअलला यापेक्षा सोपं उदाहरण कुठून आणायचं? अंड्यातून पिलू निघतं किंवा निघत नाही, मधलं काही नसतं. प्रत्येक टोपलीत थोडी वाया जाणार, कुठे एक, कुठे तीन, कुठे एकही नाही. हे कमीजास्त किती असेल, त्याचा अंदाज गणित आधीच बांधून ठेवतं. मला तो अंदाज गल्लीतल्या कोंबड्यांवर पडताळून बघायचा होता.

आमच्याकडे कोंबडी खुडूक झाली, म्हणजे टोपलीत फुगून बसली आणि जवळ येणाऱ्याला टोचायला लागली, की तिच्याखाली अंडी मांडतात. संख्या विषम घ्यायची, नऊ नाहीतर अकरा. खाली भुसा, त्यात मुंग्या येऊ नयेत म्हणून दोन लाल मिरच्या आणि विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून लोखंडाचा एक तुकडा. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ, म्हणजे दुसरीने मध्येच येऊन नवं घातलं तर लगेच ओळखू येतं. हे सगळं मी लहानपणापासून पाहत आले होते. फरक एवढाच की या वेळी रेघा मी ओढल्या आणि कंपासपेटी सोबत होती.

आईने चार घरं गोळा केली. चारही कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या, अकरा-अकरा अंड्यांवर. त्याच दिवशी आमची घरची कोंबडीही तिने बसवली. मी म्हटलं, हिलाही धरू का प्रोजेक्टमध्ये? तर म्हणाली, "ती ऱ्हाऊ दे. ती घरनी शे." मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी कॉलेजला जात राहिले आणि टोपल्यांवर आईने लक्ष ठेवलं.

तीन आठवड्यांनी गल्लीत नुसता किलबिलाट झाला. आई मला आणायला फाट्यापर्यंत आली होती. "बेटा, एक बी अंडं वाया गयं नही!" चारही टोपल्यांतलं झाडून सगळं निघालं होतं. काकू, मावश्या, सगळ्या दारात उभ्या राहून माझ्याकडे असं बघत होत्या, जणू मीच ती अंडी उबवली. फक्त आमच्या घरच्या कोंबडीने नाक कापलं होतं. तिच्या टोपलीत दोनच पिलं होती आणि बाकी सगळी अंडी उकिरड्यावर गेली. "त्या कोंबडीनंच डोकं फिरेल शे," असं म्हणून आईने विषय बदलला.

सरांनी माझे आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"ही अंडी आहेत की परीक्षेला बसलेली हुशार मुलं?"

मी म्हटलं, "सर, खरंच सगळी निघाली. मी स्वतः पिलं मोजली."

"मोजली असशील. पण एखाद्या टोपलीत असं होतं. चारही टोपल्यांत होत नाही. निसर्ग इतके लाड करत नाही, बाळा. यात कुणाचा तरी हात आहे."

मला राग आला. सर माझ्यावर खोटेपणाचा आळ घेतायत असं वाटलं. एस्टीत बसल्यावर मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडत होते. मग फाटा यायच्या आधी कधीतरी ती घरची कोंबडी आठवली. तिची टोपली मी हिशेबात धरलीच नव्हती. धरून पाहिली, आणि सगळं जागेवर आलं. पाचही टोपल्या एकत्र केल्या तर जेवढी अंडी वाया जायला हवी होती जवळपास तेवढीच गेली होती, फक्त सगळी एकाच टोपलीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं होतं.

घरी आले तेव्हा आई अंगणात तूर पाखडत होती.

"आई, अंडा तू बदलात का?"

"मी काय कोंबडी शे का?"

"आई."

सूप हलायचं थांबलं. मग तिने सांगितलं. आठेक दिवस झाल्यावर ती घरोघर फिरली होती. अंडं मुठीत धरून उन्हाकडे करायचं. आत लाल शिरा दिसल्या तर चांगलं, नुसतं पिवळं दिसलं तर फुकट. जे फुकट निघालं ते आमच्या घरच्या कोंबडीखाली सारलं आणि तिच्याखालचं चांगलं तिकडे नेऊन ठेवलं. पुसट झालेल्या रेघाही कोळशाने नीट करून दिल्या. चारही घरच्या बायकांना ठाऊक होतं. सगळ्या गल्लीने मिळून मला कॉपी पुरवली होती.

"तुन्हा मार्क कमी व्हतीन म्हनीसन," आई म्हणाली.

"अगं, पण मला खराब अंडा बी पाह्यजे व्हतात!"

"मंग आधी सांगनं व्हतं, खराब बी लागतस म्हनीसन!"

मी पाय आपटत आत गेले. जेवताना वडिलांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि शहाण्या माणसासारखे आमटीत लक्ष घालून बसले.

राग उतरला तो दुसऱ्या दिवशी, वर्गात. सर छाटलेलं डिस्ट्रिब्युशन शिकवत होते. एखाद्या वितरणाची एक बाजू कापून टाकली तर उरलेलं चांगलंच दिसतं, सरासरी वर जाते, चढउतार कमी होतात. पण ते खरं चित्र नसतं. फळ्यावर त्यांनी डावीकडची शेपटी डस्टरने पुसून टाकली. मी त्या पुसलेल्या जागेकडे बघत बसले आणि मला माझं लहानपण दिसायला लागलं.

माझ्या हातात आलेलं प्रत्येक सीताफळ आधी उघडून पाहिलेलं असायचं. किडकं कधी आलंच नाही, त्यामुळे सीताफळात अळी असते हे मला कॉलेजात कळलं. चिंचोक्यांनी अष्टा-चंग खेळताना आई तिचे चिंचोके मी बघायच्या आत उचलायची आणि स्वतःचं दान कमी सांगायची. मला वाटायचं, मी फारच हुशार आहे. आणि एस्टी! बस स्टँडात शिरता शिरता ती बाहेरून खिडकीतून रुमाल टाकायची. गर्दीत घुसून, चार जणांचे टोमणे ऐकून, मला खिडकीची जागा मिळवून द्यायची आणि स्वतः दांडा धरून उभी राहायची. मी उभ्याने प्रवास केल्याचं मला आठवत नाही. वीस-एकवीस वर्षं माझ्या वाट्याची फुकट अंडी कुठल्या तरी घरच्या टोपलीत जात होती आणि ती टोपली कुणाची होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट परतीच्या एस्टीत लक्षात आली. प्रोजेक्ट चांगलं झालं तर मी पुण्याला जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला घरी ठेवायचं असतं तर तिला काहीच करायचं नव्हतं, तिच्या हिशेबाने अंडी होती तशी राहू दिली की झालं. उलट ती घरोघर फिरली. मी जाऊ नये असं तिला वाटत होतं आणि माझं काही बिघडू नये असंही. दोन्हींतून तिने माझी बाजू निवडली. मला भर एस्टीत रडू आलं.

कोंबड्या परत खुडूक होतील तेव्हा पुन्हा अंडी मांडायला सरांनी वेळ दिला. या वेळी घरची कोंबडीही प्रोजेक्टमध्ये होती. आईने शपथ घेतली, "मी हात बी नही लावसु." आणि तिने ती पाळली, पण काय पाळली! टोपलीजवळून जाताना दोन्ही हात पदरात गुंडाळून जायची.

पिलं निघायच्या दिवशी मी घरीच होते. दुपारी घरच्या टोपलीतल्या एका अंड्याला भोक पडलं. आतून चोच दिसायची, थांबायची, पुन्हा दिसायची. बाकीची निघाली, हे अडलं. आई समोर उकिडवी बसून होती. नखाने जरासं कवच सोललं असतं तर काम झालं असतं. अशी कितीतरी पिलं तिने आजवर सोडवली होती. एकदा तिचा हात पुढे गेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मी 'लाव' म्हणू शकले असते. मी हातातल्या वहीकडे पाहिलं.

ऊन कलायच्या सुमाराला चोच हलायची थांबली.

आईने ते अंडं ओंजळीत घेतलं. "हात लावाले पाह्यजे व्हता मी," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "मरी गयं ते बी लिखतस का तुम्ही?"

"हा. ते बी लिखनं पडस."

तिने मान हलवली. उठली, परसात कण्हेरीखाली खड्डा केला, हात धुतले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "जाय तू पुनाले. तठे मन्हा हात पोचस नही. पन जाय."

या वेळचे आकडे सरांना पसंत पडले. एक टोपली बरी, एक वाईट, दोन मधल्या, आणि घरची सगळ्यांत चांगली, एवढं एक पिलू सोडून. "आता खरं वाटतंय," ते म्हणाले. मी मान हलवली, पण मला आनंद झाला नाही.

जूनमध्ये आई मला सोडायला शहाद्याच्या स्टँडवर आली. सकाळची पुण्याची बस लागली तशी सगळी झुंबड दाराकडे धावली. आईच्या मुठीत रुमाल होता, मी पाहिला. तिने एक पाऊल टाकलं, आणि थांबली. रुमाल कमरेला खोचून म्हणाली, "चढ बेटा."

मी चढले. ढकलाढकलीत बॅग एकीकडे, मी एकीकडे. सगळ्या जागा भरलेल्या. मी दांडा धरून उभी राहिले. खाली आई टाचा उंच करून एकेक खिडकी शोधत होती.

"बेटा, खिडकी भेटनी का?"

खिडकीत एक आजोबा बसले होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, एक मिनिट." त्यांच्या खांद्यावरून वाकले, दोन्ही हात बाहेर काढले आणि ओरडून सांगितलं, "भेटनी, आई!"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. धुळ्यापर्यंत मी उभीच होते.